संत्र्याच्या पानातील प्रथिने काय सांगतात?



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय कळवा म्हणून लिहिले, तेव्हा मी ‘संत्र्याच्या पानातील प्रथिने’ एवढेच कळविले होते. त्यावर चालकांपैकी एका स्नेह्यांचे उत्तर आले, की वसंतातल्या संध्याकाळी लोक येतात ते गार वाऱ्यासाठी, त्यांना प्रथिने पचतील काय? मी त्यांना उलट लिहिले की प्रथिने पचावीत यासाठीच तर निसर्गाने आपल्याला पोट दिले आहे. शिवाय आजचा विषय दिसतो तितका रुक्ष नाही. एक झाड आणि एक जंतू यांच्या झगड्याची ही हकीगत आहे. या झगड्यात झाड मरते ते पुष्कळ अंशी स्वतःच्याच बचावाने, असे अलीकडे दिसू लागले आहे. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी ताडली, ती झाडाची प्रथिने मोजून आणि तपासून.

प्रथम हा प्रश्न केवढा आहे ते पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थान म्हणजे संत्र्याच्या रसाचे माहेरघर. २००३-०४ च्या हंगामात तेथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या. तिथली पेटी ९० पौंडांची, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ४१ किलोंची. २०२२-२३ च्या हंगामात हाच आकडा सुमारे १ कोटी ५८ लाखांवर आला होता. मध्यंतरी वादळे झाली, जमिनी घरबांधणीसाठी विकल्या गेल्या, हे सारे खरे. परंतु मुख्य घाव घातला तो २००५ साली तेथे प्रथम आढळलेल्या एका रोगाने. एक पिढी पुरी होण्याच्या आत एवढा मोठा धंदा पंधरा आण्यांनी बुडाल्याची उदाहरणे शेतीच्या इतिहासात फार नाहीत.

या रोगाला आपल्याकडे ‘ग्रीनिंग’ म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतून आले. निरोगी फळ प्रथम खालच्या टोकाकडून पिवळे होऊ लागते. रोगी फळ देठाकडून रंगते आणि त्याचे खालचे टोक हिरवेच राहते, म्हणून हे नाव. चिनी लोक त्याला ‘हुआंगलाँगबिंग’ म्हणतात, आणि १९९५ साली लिंबूवर्गाच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने हेच नाव अधिकृत ठरविले. याचे भाषांतर पुष्कळजण ‘पिवळ्या ड्रॅगनचा रोग’ असे करतात. ते भारदस्त वाटते खरे. परंतु दक्षिण चीनमधील ज्या बागाइतदारांच्या बोलीतून हा शब्द आला त्या बोलीत ‘लाँग’ म्हणजे झाडाची कोवळी फूट. झाड सगळे हिरवे आणि त्यात एखादीच फांदी पिवळी, असा पिवळ्या फुटीचा रोग. शेतकऱ्याने नाव ठेवले ते डोळ्यांनी पाहून. ड्रॅगन मागाहून विद्वानांनी आणला.

आता आपल्या घराकडे येऊ. संत्र्या-मोसंब्यांची झाडे शेंड्याकडून वाळत जाण्याची तक्रार आपल्या देशात फार जुनी आहे. पाणी साचले, जस्त कमी पडले, मुळे कुजली, अशी तिची नाना कारणे सांगितली जात, आणि त्यांतली काही त्या त्या ठिकाणी खरीही होती. १९६० नंतरच्या दशकात लिलियन फ्रेझर या ऑस्ट्रेलियन विदुषींनी भारतीय शास्त्रज्ञांसमवेत केलेल्या पाहणीत, या वाळण्यामागे ग्रीनिंगचा मोठा हात असल्याचे पुढे आले. मग हा रोग झाडाझाडांत नेतो कोण? याचे भारतापुरते उत्तर मिळाले ते पुण्यात. १९६७ साली कपूर, राव आणि विश्वनाथ या त्रयीने दाखवून दिले, की सायला नावाचा, तीन-चार मिलिमीटर लांबीचा, पानावर शेपूट वर करून तिरपा बसणारा किडा हे काम करतो. जगातील वाङ्मयात आजही या शोधनिबंधाचा उल्लेख होतो. पुणेकरांना आपल्या गावातील पुष्कळ गोष्टींचा अभिमान असतो; ही गोष्ट मात्र त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर असेल.

त्या काळी रोगाचे कारण विषाणू आहे अशी समजूत होती. १९७० साली फ्रान्समध्ये लाफ्लेश आणि बोव्हे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी पानाच्या रसवाहिन्यांत सजीव पेशी पाहिल्या, आणि पुढे ते जंतू म्हणजे बॅक्टेरिया आहेत हे निश्चित झाले. या जंतूचे शास्त्रीय नाव ‘लिबेरिबॅक्टर’. त्याच्या नावापुढे ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, असे उपपद लावतात. निवडणुकीतला उमेदवार पाच वर्षांत एकदा तरी निकालाला लागतो. हा इतकी वर्षे उमेदवारच आहे, कारण त्याला झाडाबाहेर, काचेच्या बशीत शुद्ध स्वरूपात वाढवून टिकविणे साधलेले नाही. झाडाच्या रसवाहिनीत किंवा सायलाच्या अंगात, एवढ्या दोनच ठिकाणी त्याचा संसार.

या रसवाहिन्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण सारे नाटक तेथेच घडते. पान हे झाडाचे स्वयंपाकघर. तेथे तयार झालेली साखर मुळांना, फळांना, कोवळ्या शेंड्यांना पोचवायची ती या नळ्यांतून. एकापुढे एक ठेवलेल्या लांबट पेशींची ही नळी असते, आणि दोन पेशींच्या मध्ये चाळणीसारखा भोकांचा पडदा असतो. नळीला कोठे जखम झाली तर गोड रस वाहून जाऊ नये म्हणून झाड ती भोके चटकन बुजविते. बुजविण्याचा माल दोन प्रकारचा. एक ‘कॅलोज’ नावाचा, साखरेच्याच कणांचा बनलेला लुकण. आणि दुसरा, रसवाहिनीतील काही खास प्रथिनांचा चिकट गोळा. अंगाला कापले असता रक्त साकळते, तसाच हा प्रकार समजा. रक्त साकळले नाही तर माणूस मरतो, आणि नको त्या जागी साकळले तरीही मरतो. ही उपमा मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता प्रथिनांकडे. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकांची तीच पोथी असते. मोसंब्याच्या जनुकांची पोथी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रथिने बनविण्याच्या सुमारे ३० हजार पाककृती आहेत. परंतु पोथीत पाककृती आहे म्हणजे पदार्थ ताटात आहे असे नव्हे. कोणत्या वेळी, कोणत्या पेशीत, कोणता पदार्थ किती रांधला गेला हे कळायचे तर ताटच पाहिले पाहिजे. प्रथिने मोजणारा शास्त्रज्ञ हे ताट पाहतो.

तो काय करतो? पाने द्रवरूप नायट्रोजनात, शून्याखाली १९६ अंशांवर, गोठवून खलात कुटतो. त्या भुकटीतून प्रथिने काढून ती थलथलीत लेपाच्या एका पट्टीवर ठेवतो आणि तीतून वीज सोडतो. प्रत्येक प्रथिन आपापल्या विद्युत्भारानुसार आपापल्या जागी जाऊन थांबते. मग तीच पट्टी दुसऱ्या लेपाच्या वडीवर आडवी ठेवून पुन्हा वीज सोडायची. आता हलकी प्रथिने पुढे धावतात, जड मागे रेंगाळतात. शेवटी रंग दिला की वडीवर शेकडो ठिपके उमटतात, दिवाळीत अंगणात रांगोळीचे ठिपके काढावे तसे. निरोगी झाडाची एक रांगोळी, रोगी झाडाची दुसरी. कोणता ठिपका मोठा झाला, कोणता पुसट झाला ते पाहायचे, तेवढा ठिपका कापून घ्यायचा, त्यातील प्रथिनाचे तुकडे करून त्यांचे वजन अत्यंत सूक्ष्म काट्यावर करायचे आणि त्या वजनांवरून पोथीतली पाककृती ओळखायची. आता रांगोळीवाचूनही, सरळ तुकड्यांच्या वजनांवरून हजारो प्रथिने एका दमात ओळखणारी यंत्रे आली आहेत. परंतु एक अडचण दोन्हींतही राहते. पानातील विरघळणाऱ्या प्रथिनांचा फार मोठा हिस्सा, कधी निम्म्याइतका, रुबिस्को या एकाच प्रथिनाचा असतो, आणि त्याच्या गर्दीत बारीकसारीक प्रथिने झाकली जातात. दुसरी अडचण अशी, की जंतू राहतो केवळ रसवाहिनीत आणि आपण कुटतो सगळे पान. वाड्यातल्या एका खोलीत भांडण चालले असता सबंध वाड्याच्या भिंतीला कान लावून ते ऐकण्यासारखे हे आहे. तेव्हा या आकड्यांवर किती भार द्यावा याचे तारतम्य ठेवावे लागते.

एवढे तारतम्य ठेवूनही जे दिसले ते बोलके आहे. रोगी झाडाच्या पानांत पिष्ट, म्हणजे स्टार्च, बनविणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण वाढलेले आढळते, आणि प्रकाशातून अन्न बनविणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण घटलेले आढळते. याचा अर्थ लावणे कठीण नाही. साखर नेणारी नळी बुजली. स्वयंपाकघरात साखरेचा ढीग साचू लागला. तिचे पिष्ट करून ते कोंबून ठेवण्यात पान गुंतले. त्या पिष्टाच्या कणांनी पेशीतील हरितद्रव्याच्या पिशव्या आतून फुगल्या आणि मोडल्या. पान ठिकठिकाणी पिवळे पडले. इकडे मुळे उपाशी. भरल्या कोठारापुढे दुष्काळ म्हणतात तो हा. पिष्टाच्या या साठ्यामुळेच रोगी पानाचा रस आयोडिनाच्या द्रावणात काळसर होतो, आणि काही देशांत बागेतल्या बागेत ही चाचणी करतात. परंतु फांदीची साल कोणत्याही कारणाने दुखावली तरी पानात पिष्ट साचते, म्हणून नुसत्या आयोडिनावर विसंबून कुऱ्हाड उचलू नये. खात्री करायची ती जंतूच्या जनुकाची तपासणी करूनच. तीच गोष्ट जस्ताची. रोगी झाडात जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांचे प्रमाण घटते; पान पाहून जस्ताची कमतरता वाटते, आणि बागाइतदार जस्ताची फवारणी करीत राहतो. दिवस जातात, आणि सायला ते झाड सोडून शेजारच्या झाडावर गेलेला असतो.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. प्रत्येक झाडाजवळ संरक्षणाची प्रथिने असतात: शत्रूच्या कवचाचे तुकडे करणारी, विषारी प्राणवायूचे शमन करणारी, शत्रूच्या पाचक विकरांना अडविणारी. या शेवटच्या जातीत ‘मिरॅक्युलिन’च्या कुळातील प्रथिने येतात. मूळ मिरॅक्युलिन पश्चिम आफ्रिकेतील एका लाल फळात असते. ते फळ चघळून वर लिंबू खाल्ले तर लिंबू गोड लागते! त्याच्याच भाऊबंदांना संत्र्याच्या पानात मात्र पहारेकऱ्याचे काम आहे. २०१३ साली अमेरिकेत न्वुगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेपफ्रूटच्या, म्हणजे आपल्या पपनसाच्या वंशातील फळाच्या झाडांवर प्रयोग केले. लक्षणे दिसू लागल्यावर या संरक्षक प्रथिनांपैकी कित्येक वाढलेली आढळली. यात नवल काहीच नाही. मग त्यांनी तोच प्रयोग लेमन जातीच्या लिंबावर केला. हे लिंबू ग्रीनिंगला पुष्कळसे सोसते हे आधीपासून ठाऊक होते. साहजिकच अपेक्षा अशी, की जे झाड सोसते त्याची संरक्षक प्रथिने अधिक जोरात वाढत असतील. निघाले उलटेच. बदललेली २७ प्रथिने सापडली, आणि त्यांत मिरॅक्युलिनच्या कुळातील प्रथिन आणि त्याच्या जोडीचे इतर पहारेकरी घटलेले होते!

ज्याला रोग कमी बाधतो ते झाड लढतच नाही, आणि ज्याला अधिक बाधतो ते जिवाच्या आकांताने लढते. एवढ्या एका प्रयोगावरून सिद्धांत बांधणे धाडसाचे झाले असते. परंतु पुढची साक्ष त्याच दिशेने आली. २०२२ साली फ्लोरिडा विद्यापीठातील नियान वांग यांच्या गटाने असे प्रतिपादन केले, की ग्रीनिंगमध्ये जंतू स्वतः पेशी मारतो असे म्हणण्यापेक्षा, जंतूच्या चाहुलीने झाड जे विषारी प्राणवायूचे फवारे सोडते आणि कॅलोजचे लुकण भरीत सुटते, त्यानेच रसवाहिनीच्या पेशी मरतात. मघाची साकळणाऱ्या रक्ताची उपमा आठवा. पानावर पडणाऱ्या सामान्य जंतूच्या बाबतीत ही युक्ती उत्तम: दहा पेशी मारायच्या, शत्रूला तेथेच कोंडायचे, बाकीचे पान वाचवायचे. परंतु शत्रू मुख्य रस्त्यातच वस्तीला आला असता रस्ताच बुजविणे म्हणजे गावाची उपासमार. वांग यांच्या गटाने प्राणवायूचे विष शमविणारी द्रव्ये आणि जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक वापरून पाहिले, तेव्हा लक्षणे सौम्य झाली. हे जिबरेलिन नाशिककडच्या द्राक्षबागाइतदारांना नवे नाही. ‘जीए’ म्हणून ते घड बुडवितात तेच. पण येथे थोडे थांबून विचार करा. लक्षणे सौम्य झालेल्या झाडात जंतू असतोच. सायला त्यावर बसून तो पुढे नेऊ शकतो. झाडाचे आयुष्य वाढविणे आणि बाग वाचविणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि जाहिरातीच्या कागदावर त्या नेहमी एकच करून छापल्या जातात.

जंतू तरी हे सारे मुकाट्याने सोसतो काय? नाही. या पेचातील एक डाव २०१८ साली वेनबो मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केला. आपल्या घरात मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा कीस लावतात. पपईच्या चिकात ‘पपेन’ नावाचे विकर असते, ते मांसातील प्रथिने कातरते. संत्र्याच्या झाडातही पपेनच्या कुळातील विकरे असतात आणि ती संरक्षणाच्या कामी येतात. रोगी झाडांत अशा काही विकरांचे प्रमाण वाढलेले आढळले. परंतु या संशोधकांनी नुसते प्रमाण मोजून काम संपविले नाही. प्रत्यक्ष कातरण्याचे काम किती चालले आहे तेही मोजले. बागेतून आणलेल्या नमुन्यांत काही विकरे संख्येने वाढली होती, पण काम पूर्वीइतकेच चालले होते! कारण जंतू आपले एक छोटे प्रथिन रसवाहिनीत सोडतो, आणि ते या विकरांना जाऊन चिकटते व त्यांची धार बोथट करते. शिपाई दुप्पट भरती केले आणि निम्म्यांच्या तलवारी म्यानात अडकल्या, तर हजेरीपटावरून किल्ला मजबूत वाटेल. नुसते ठिपके मोजणाऱ्या शास्त्राला हा मोठा इशारा होता.

लिंबूवर्गाचा दुसरा जंतुरोग म्हणजे खैऱ्या. कागदी लिंबाच्या पानांवर, फळांवर खडबडीत, तपकिरी, खैराच्या रंगाचे फोड दिसतात तोच. याचा आणि भारताचा संबंध जुना आहे. १८२७ ते १८३१ च्या दरम्यान भारतातून गोळा केलेल्या महाळुंगाच्या वाळविलेल्या नमुन्यांवर त्याचे डाग ओळखू आले आहेत. येथे जंतूची रीत अगदी निराळी. तो पानाच्या पेशीला सुईसारख्या नळीने टोचून आपले एक प्रथिन आत सोडतो. ते प्रथिन पेशीच्या केंद्रात शिरते, झाडाच्या जनुकांच्या पोथीतली ठराविक ओळ शोधून काढते आणि तेथे बसून एक निजलेले जनुक जागे करते. त्या जनुकाच्या हुकमाने पेशी फुगतात, वाढतात, फोड फुटतो आणि जंतू पावसाच्या थेंबांबरोबर बाहेर पडतात. शत्रूने किल्लेदाराच्या शिक्क्याचीच नक्कल केली म्हणा ना! २०१४ साली त्या जनुकाची ओळख पक्की झाल्यावर शास्त्रज्ञांनी नकली शिक्का जेथे बसतो ती ओळच झाडाच्या पोथीत बदलून पाहिली, आणि अशा झाडांना खैऱ्या फारच कमी होतो असे दिसले. गंमत अशी, की कागदी लिंबू खैऱ्याला लगेच बळी पडते, पण ग्रीनिंग बऱ्यापैकी सोसते. संत्र्याचे नेमके उलट. ‘लिंबूवर्गीय झाडाची प्रतिकारशक्ती’ असे सरसकट बोलणे किती पोकळ आहे ते यावरून कळेल.

मग आशेची जागा कोठे? ऑस्ट्रेलियात बोटासारख्या लांबट फळांचे एक रानलिंबू आहे, ते ग्रीनिंगला दाद देत नाही. २०२१ साली त्यातील एका आखूड प्रथिनाचा शोध प्रसिद्ध झाला. ते जंतूला मारते आणि झाडाची संरक्षणशक्तीही जागविते. विशेष म्हणजे उन्हातापात ते टिकून राहते. २०२५ साली चिनी शास्त्रज्ञांनी दुसरी वाट दाखविली. संरक्षणाच्या फळीचा एक म्होरक्या असलेले प्रथिन झाडातच वारंवार मोडून टाकले जाते. ते मोडू न देता टिकविले तर झाड रोगाला तोंड देते. आता कोणी विचारील, मघाशी तुम्हीच म्हणालात की लढणारे झाड मरते, मग लढाई वाढवून कसे चालेल? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की संरक्षण ही एकच गोष्ट नव्हे. रस्ता बुजविणारे संरक्षण निराळे, आणि किड्याला व जंतूला प्रारंभीच अटकाव करणारे निराळे. कोणते वाढवावे आणि कोणते आवरावे, याचा निवाडा होण्यासाठीच तर प्रथिनांची ही मोजदाद चालली आहे. या दोन्ही वाटा बागेत किती टिकतात हे पाहण्यास झाडाच्या आयुष्याइतकी, म्हणजे दहा-पंधरा वर्षांची सवड द्यावी लागेल.

वरुड-मोर्शीकडचा, काटोलकडचा बागाइतदार हे ऐकून साहजिकच म्हणेल, की साहेब, मी मृगापर्यंत थांबू शकत नाही, पंधरा वर्षांचे काय सांगता? त्याला सांगण्यासारखे आजही आहे, आणि ते प्रथिनांच्याच अभ्यासाने अधिक पक्के झाले आहे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत महिनेच नव्हे, कधी वर्षेही जातात, आणि ग्रेपफ्रूटच्या पानांत लक्षणांच्या आधीच प्रथिनांचे पारडे बदललेले आढळले. म्हणजे डोळ्यांना निरोगी दिसणारे कलम निरोगी असेलच असे नाही. तेव्हा जंबेरीवरचे संत्र्याचे कलम विकत घेताना पाने किती हिरवी आहेत ते पाहून भाव करू नका. डोळा कोणत्या मातृवृक्षाचा आहे, त्या वृक्षाची जंतूसाठी तपासणी झाली आहे काय, आणि रोपे सायला शिरणार नाही अशा जाळीघरात वाढविली आहेत काय, हे तीन प्रश्न रोपवाटिकेच्या दारातच विचारा. नवी फूट निघताच तिच्यावर सायलाची पिले आणि त्यांचे पांढरे, मेणचट धागे दिसतात काय ते भिंगाने पाहा. आंबिया असो वा मृग, तो आठवडा चुकवू नका. शेजाऱ्यालाही सांगा, कारण सायला सातबारा पाहून बसत नाही. आणि कलम दोन-चार रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून कोणी रस्त्याच्या कडेला गाडी लावून विकत असेल, तर ती गाडी पुढे जाऊ द्या.